पवित्र भूमीची बाटली

सगळं आयुष्य हॉस्पिटलात नर्स म्हणून गेलं, त्यामुळे मला सहसा कशाची किळस येत नाही. पू, रक्त, उलट्या, बेडपॅन, सगळं या हातांनी केलंय आणि घरी येऊन याच हातांनी भाकरी थापल्यात. पण तोंडात बायबलचं वचन आणि चेहऱ्यावर तुपकट हसू घेऊन कुणी दुसऱ्याच्या आत्म्याची काळजी करायला लागलं, की माझ्या पोटात ढवळतं. सध्या तसंच ढवळतंय. माधवराव वाघचौरे यांच्या कृपेने.

पण आधी शांतवनबद्दल सांगते, कारण गोष्ट त्याची आहे. माधवरावांना मी नंतर बघते.

शांतवन रणभिसे घोरपडीत माझ्या शेजारी राहतो. बायको शालू, एकुलती एक मुलगी निकिता. मूळचा तो फर्निचरला पॉलिश करणारा. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा बुडवायचा आणि लाकडावर फिरवत बसायचं, असं ते काम. कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांतली माणसं त्याला घरी बोलावून घ्यायची, इतका हात चांगला. दिवसभर स्पिरिटच्या वासात आणि संध्याकाळी दारूच्या. त्याची दारू मी लांबून पाहिलेली नाही. त्याला गटारातून उचलून आणलाय, अंगणात बसवून नळीने धुतलाय, शालूच्या भुवईला टाके घालून दिलेत. त्या काळात आमच्या देवळातली मंडळी काय करत होती, असं विचाराल तर प्रार्थना करत होती. नाकाला रुमाल लावून.

आम्ही जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो, आणि आमच्या देवळात साक्ष देण्याची पद्धत आहे. ज्याचं आयुष्य बदललं त्याने सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. लोकांना कशी साक्ष आवडते, तर झटकन प्रकाश पडला, बाटली हातातून गळून पडली, आणि तेव्हापासून इच्छासुद्धा झाली नाही. शांतवनचं असलं काही झालं नाही. तो माझ्याच वॉर्डात पडला होता, पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे. निकिता शाळेचं दप्तर घेऊन दारात उभी राहायची आणि आत यायची नाही. त्याने मला विचारलं, "सिस्टर, ती आत का येत नाही?" मी म्हटलं, "तुझा वास येतो तिला." गोड बोलायची मला सवय नाही. त्याने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर त्याने सोडली, पण सोडताना जे हाल झाले ते मी पाहिलेत. हात थरथरायचे, अंगावर किडे चालतात म्हणून ओरडायचा, चादर दातांनी फाडायचा.

बरा होऊन घरी आला तो सगळ्यात आधी त्याने पॉलिशचं काम सोडलं. मी म्हटलं, अरे, हातात एवढी कला आहे. तर म्हणाला, "सिस्टर, तो वास हातांना कळतो. माझं ऐकत नाहीत मग ते." शाळेची व्हॅन चालवायला लागला. आजही तेच करतो.

त्याचं जगणं पाहिलंत तर तुम्हाला हसू येईल. लोक हसतातच. घरापासून व्हॅनच्या स्टँडपर्यंत सरळ रस्त्यावर एक बार लागतो, म्हणून हा रेल्वे फाटकाकडून लांबचा वळसा घेऊन जातो. खोकला झाला तर औषधाची बाटली आधी मला दाखवणार, मी वाचून हो म्हटलं की मगच घेणार. नाताळात कुणी केक दिला की पहिला प्रश्न, यात रम आहे का. लग्नाला गेला की जेवण उरकून निघायचं, मंडपाच्या मागे पुरुषमंडळी गोळा व्हायच्या आत. संध्याकाळी घरात एकटा बसत नाही, शालू बाहेर गेली तर पायरीवर येऊन बसतो. आणि रोज सकाळी व्हॅन चालू करायच्या आधी स्टिअरिंगवर हात ठेवून एक वाक्य म्हणतो. व्हॅन माझ्या खिडकीखालीच उभी असते, त्यामुळे मला पाठ आहे. "प्रभू, आज नको." बास, एवढंच. आमच्या पाळकसाहेबांची, म्हणजे पाद्रीसाहेबांची, प्रार्थना सुरू झाली की माझा डावा पाय झोपतो, आणि याची किल्ली फिरवायच्या आतच संपते.

देवळातले लोक त्याला म्हणायचे, "शांतवनराव, इतकं काय घाबरता? प्रभूने सोडवलंय ना तुम्हाला?" तो म्हणायचा, "सोडवलंय हो. पण परत जायची वाट कुठून आहे, ती मला माहीत आहे ना." मग ते एकमेकांकडे बघून हसायचे. त्यांना ती वाट कुठे ठाऊक.

आता माधवराव. हे आमच्या देवळाच्या कमिटीतले पंच. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त, वाघोलीला फ्लॅट, दर रविवारी पांढऱ्या गाडीतून येतात आणि गाडी बरोबर फाटकासमोर लावतात, म्हणजे बाकीच्यांनी अंग चोरून आत जावं. यांचा आवडीचा विषय म्हणजे आत्मिक जागृती. विश्वासणाऱ्याने सदैव जागं असलं पाहिजे, सैतान दारात टपलेला असतो वगैरे. स्वतः अगदी टक्क जागे असतात, दुसऱ्यांच्या बाबतीत. कुणाची मुलगी कुणाच्या स्कूटरवर बसली, कोण उशिरा आलं, कोणी दान दिलं नाही, सगळं यांना माहीत. आणि ते सगळं हे प्रार्थनेत घालतात. "प्रभू, आमच्या त्या बहिणीला सांभाळ, जी नवऱ्याचं घर सोडून बिबवेवाडीला भावाकडे राहत आहे." पत्ता द्यायचा तेवढा बाकी ठेवतात. चहाड्या करायच्या आणि शेवटी आमेन म्हणायचं. मला तर त्या आमेनचीसुद्धा शिसारी यायला लागली आहे.

आमच्यात प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. पुढे जायचं, कठड्याशी गुडघे टेकायचे, भाकरीचा तुकडा घ्यायचा आणि काचेचा इवलासा प्याला. ज्याच्या मनात काही सलत असेल त्याने पुढे जायचं नाही, बाकावरच बसून राहायचं, अशी शिकवण आहे. शिकवण चांगली आहे. पण आमच्याकडे तिचं काय झालंय, तर बाकावर कोण बसून राहिलं हे सगळे तिरक्या डोळ्यांनी बघतात, आणि आठवडाभर त्याचं पाप शोधतात.

त्या प्याल्यांत काय असतं, तर मी केलेला रस. काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. माझी आई करायची, आता मी करते. आमच्या जुन्या बायकांनी हट्टाने ही पद्धत पाडली, कारण त्यांनी आपापले नवरे दारूतून ओढून आणलेले होते. देवळात तरी तो वास नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तर झालं असं की माधवराव आणि त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई पवित्र भूमीच्या टूरला जाऊन आले. जाऊ दे, गेले तर गेले. येताना तिथल्या नदीचं पाणी आणलं, जैतुनाच्या लाकडाचे क्रूस आणले, आणि जिथे प्रभूने लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला त्या काना गावातून वाईनच्या बाटल्या आणल्या. तिथल्या दुकानात पर्यटकांसाठी मांडून ठेवलेल्या असतात म्हणे. आपल्याकडे जत्रेत बत्तासे मिळतात, त्यातलाच प्रकार. पण ह्यांनी त्या अशा छातीशी धरल्या होत्या की जणू त्याच लग्नातल्या उरलेल्या.

प्रभुभोजनाच्या रविवारी मी माझी बरणी घेऊन देवळाच्या मागच्या खोलीत गेले, तर प्याले आधीच भरलेले, वर पांढरं कापड. वास आला तशी मी ओळखलं. मी म्हटलं, "माधवराव, हे काय?" ते म्हणाले, "मंदाकिनीबाई, आज खरा द्राक्षारस. प्रभूने काही मनुका उकळल्या नव्हत्या." उभे असलेले पंच हसले. आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, त्यांची बदली पंचांच्या हातात, तेही हसले. मी म्हटलं, देवळात निम्म्या घरांत दारूने माणसं गेलीत, निदान आधी सांगा तरी लोकांना. तेवढ्यात घंटा झाली आणि माझी बरणी हातातच राहिली.

त्या दिवशी शांतवन नेमका सगळ्यात पुढे होता. त्याचं कारण निकिता. निकिता आणि माधवरावांचा मुलगा सलिल देवळाच्या गायनात एकत्र गायचे, त्यांचं आपसात ठरलं होतं, आणि माधवरावांनी परवानगी दिली होती, उपकार केल्याच्या चेहऱ्याने. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार मुलामुलीची नावं देवळात मोठ्याने वाचतात, त्याला पुकार म्हणतात. पहिली पुकार पुढच्या रविवारी होती. म्हणून त्या दिवशी दोन्ही घरं पहिल्या बाकावर, आणि प्रभुभोजनालाही सगळ्यांत आधी तीच उठली. मी बायकांच्या बाजूने खुणा करत राहिले, पण शांतवनचे डोळे मिटलेले होते.

प्याल्यांचं ताट माधवरावांच्याच हातात होतं. शांतवनने प्याला उचलला, तोंडाजवळ नेला आणि थांबला. मग अगदी हळू तो परत ताटात ठेवला. माधवराव पुढे सरकेनात. ताट त्याच्या तोंडासमोर धरून उभेच. "घ्या," म्हणाले. पहिल्या चार बाकांना ऐकू गेलं. शांतवनने मान हलवली. "घ्या, लोक बघताहेत." शांतवन उठला आणि बाजूच्या दाराने बाहेर निघून गेला.

उपासना सुटल्यावर फाटकाशी काय चर्चा झाली असेल ती तुम्ही ओळखा. काहीतरी पाप असणार. परत सुरू केली असणार. दारुड्याने दारू नाकारली, म्हणून तो दारू पितो असं ठरलं. शिकलीसवरलेली माणसं ही, एकेकाच्या भिंतीवर डिग्र्या टांगलेल्या आहेत.

संध्याकाळी शांतवन माझ्याकडे आला. स्टुलावर बसला. मी चहा केला, तो त्याच्या हातातच गार झाला.

"सिस्टर," तो म्हणाला, "बारवरून मान खाली घालून जायला मी शिकलो. पण ही देवाच्या टेबलावरून आली. गुडघे टेकलेले, डोळे मिटलेले. तिथे कोण सावध असतं?"

"तू होतास की."

"नाही. वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. प्रभूच्या टेबलाशी. मला वाटलं, ते अख्खं ताट ओढून घ्यावं. माझीच किळस आली मला."

मी म्हटलं, "किळस करायचीच तर योग्य माणसाची कर." पण त्याला ते पटलं नाही. तो भला माणूस आहे, त्याला दुसऱ्याची किळस करता येत नाही. ते खातं माझ्याकडे आहे.

बुधवारी माधवराव आणि सरोजिनीबाई शांतवनच्या घरी आले. शालूने घाबरून मला चहाला हाताशी बोलावलं. माधवरावांच्या हातात मखमलीची पिशवी होती. त्यातून त्यांनी शेवटची उरलेली बाटली काढली आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली.

"शांतवनराव, झालं ते झालं," ते म्हणाले. "मी मनात ठेवत नाही. पण मंडळीत कुजबुज आहे, आणि उद्या तुम्ही माझे व्याही. तेव्हा आपण असं करू. शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं येतो. दोन्ही घरं मिळून प्रार्थना करू आणि यातला एकेक घोट घेऊ. रविवारी पुकार. विषय संपला."

शांतवन म्हणाला, "माधवराव, मी घेत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"अहो, ही दारू आहे का? प्रभूच्या भूमीतली वस्तू आहे. दृष्टी बदला जरा. तुमची सुटका खरी असेल तर एका घोटाने काय होणार आहे? आणि काही होणार असेल, तर सुटकाच खरी नाही. मग आम्हालाही मुलाचा विचार करावा लागेल. नाही का?"

बघा कसा पेच टाकला. घेतली तर खलास, नाही घेतली तर खोटा. वर आवाज असा मऊ, की ऐकणाऱ्याला वाटावं पाठीवरून हात फिरवताहेत. सरोजिनीबाई मान डोलावत होत्या.

जाताना माधवरावांनी स्वतः उठून ती बाटली शोकेसमध्ये ठेवली, निकिताच्या गायनाच्या बक्षिसाच्या कपाशेजारी. "इथे शोभते," म्हणाले.

मी म्हटलं, "तुमच्या गाडीत जास्त शोभेल. घेऊन जा."

"बाई, तुम्ही आपल्या मनुका बघा," ते म्हणाले आणि चपला घातल्या.

ते कोपऱ्यावर वळले नसतील तोच मी बाटली काढली आणि मोरीकडे निघाले. तर शालू मोरीच्या दारात आडवी. "ताई, नका. पाप लागेल. त्या गावची आहे ती."

"त्या गावच्या दुकानातली आहे, शालू. मागे किमतीचं लेबल आहे."

"असू दे. आणि पोरीचं लग्न आहे. शनिवारी ते बाटली मागतील तर काय सांगू?"

ही बाई नवऱ्याच्या हातचा मार खाताना कधी आडवी झाली नाही, आणि आता बाटलीसाठी झाली. मला तिचा असा संताप आला की बाटली तिच्या हातात आपटून मी घरी निघून आले. तिने ती परत जागेवर ठेवली. वर पदराने पुसून ठेवली असणार.

म्हणजे ज्या माणसाने रोजच्या वाटेवरचा बार टाळायला वळसे घेतले, त्याच्या घरातच बार आणून ठेवला. आणि कोणी, तर जागृतीचे उपदेशक.

पुढचे दिवस शांतवन व्हॅन लावून थेट माझ्याकडे यायचा. जेवायच्या वेळेपर्यंत बसायचा. माझी मेथी निवडून दिली, कुकरची शिट्टी दुरुस्त केली, जुन्या छत्रीच्या काड्या बांधल्या. शुक्रवारी आला तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. म्हणाला, "सकाळी मी शोकेससमोर उभा होतो. काचेवर हात होता. तिथे कधी गेलो ते मला माहीत नाही. शालूने हाक मारली तेव्हा कळलं."

"उघडली होतीस?"

"नाही. पण मी तिच्याशी बोलत होतो. म्हणत होतो, निकितासाठीच तर घ्यायची आहे. स्वतःसाठी थोडीच. इतकं चांगलं कारण मला आजवर कधी मिळालं नव्हतं, सिस्टर."

मला भीती वाटली. खरंच सांगते, वॉर्डातसुद्धा एवढी वाटली नव्हती. मी म्हटलं, "थांब. मी बाटली रिकामी करते आणि तिच्यात माझा मनुकांचा रस भरून ठेवते. रंग तोच. त्या शहाण्याला चव कळणार नाही, टूरवर जाऊन काय त्याची जीभ बदलली नाही."

त्याने विचार केला. केला हं, अगदी मनापासून केला. मग म्हणाला, "नको. प्यायला लागलो तेव्हाही लपवण्यापासूनच सुरुवात झाली होती. आता न पिणंही लपवून करायचं, मग बाकी काय राहिलं?"

शनिवारी संध्याकाळी ते आले. माधवराव, सरोजिनीबाई आणि मध्ये सलिल. देवळातले काचेचे प्याले माधवरावांनी डब्यातून आणले होते. टेबलावर शालूने धुतलेला टेबलक्लॉथ घातला होता. मला कुणी बोलावलं नव्हतं, मी जाऊन बसले.

प्रार्थना माधवरावांनी केली. "प्रभू, जे दुर्बळ आहेत, ज्यांच्या आतला जुना पापी मनुष्य अजून मेलेला नाही, त्यांना आज सामर्थ्य दे." समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर त्याला मारायचं आणि हात जोडलेले ठेवायचे, ही कला सगळ्यांना जमत नाही. मी डोळे मिटले नव्हते. सलिलनेही मिटले नव्हते, तो टेबलाखाली मोबाइल बघत होता.

आमेन झाल्यावर माधवरावांनी बाटली शांतवनच्या पुढे सरकवली. "तुम्ही घराचे प्रमुख. तुम्हीच उघडा."

शांतवनने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. "मी घेणार नाही, माधवराव."

"का? कारण सांगा ना सगळ्यांना."

"कारण मला ती हवी आहे. आत्ता हवी आहे. हात का दाबून बसलोय असं वाटतं तुम्हाला?"

माधवराव खुर्चीत मागे टेकले. चेहऱ्यावर जे आलं ते समाधान होतं, दुसरं काही नाही. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही साक्ष दिलीत ती खोटी. सुटका झालेलीच नाही."

"रोज सकाळी होते," शांतवन म्हणाला. "उद्याचं मला माहीत नसतं."

"ऐकलंस ना, बाळा?" माधवराव निकिताकडे वळले. "मला या घराशी वैर नाही. एक घोट मागतोय. आता तूच सांग तुझ्या वडिलांना."

निकिता रडत नव्हती. ती चिडली होती, आणि मी तिला दोष देत नाही, तिचं लग्न त्या टेबलावर पडलं होतं. "पप्पा," ती म्हणाली, "एकच घोट. माझ्यासाठी घ्या. नंतर काही झालं तर मी आहे, ही मावशी आहे, आम्ही बघू. आयुष्यात मी तुमच्याकडे काही मागितलं नाही. एकच घोट मागतेय."

शांतवन तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पहिला घोट तुझ्यासाठीच घेतला होता गं."

शालूने मान वर केली. हे तिलाही माहीत नव्हतं.

"तुझा बाप्तिस्मा होता त्या दिवशी," तो म्हणाला. "तोवर मी दारूला शिवलो नव्हतो. देवळातून बाहेर आलो, तू माझ्या हातावर होतीस, पांढऱ्या झबल्यात. कामावरचे दोघं आले होते. म्हणाले, मुलगी झाली, एक घोट तर घेतलाच पाहिजे, तिच्या नावाने. तुला शालूकडे दिलं आणि घेतला. तुझ्या नावाने घेतला, निकी. दुसरा कुणाच्या नावाने घेतला ते मला आठवत नाही."

सरोजिनीबाईंनी पदर सारखा केला. बाहेर कुणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा भोंगा वाजत होता.

निकिताने हात पुढे केला आणि बाटली उचलली. माधवराव हसले. त्यांना वाटलं, मुलगी शहाणी निघाली, आता प्याले भरते. त्यांनी प्याले तिच्याकडे सरकवलेसुद्धा. ती उठली, मोरीत गेली आणि झाकण फिरवलं. शालू जागची हलली नाही. मोरीतून गळगळ आवाज आला आणि मग वास आला, गोड, जड, घरभर. शांतवन खुर्चीवरून उठला, चप्पलही न घालता बाहेर गेला आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

"पवित्र भूमीची वस्तू," माधवराव म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "मोरीत ओतलीस तू. प्रभूच्या गावची वस्तू."

मी म्हटलं, "माधवराव, आवाज खाली. पोरीचा बाप रस्त्यावर उभा आहे, त्याला ऐकू जाईल."

सलिल उठला, मोबाइल खिशात घातला. "निक्स, तू पण ना, थोडं जास्तच रिअ‍ॅक्ट केलंस. माझे पप्पा हर्ट झालेत. मी नंतर कॉल करतो." असा हा नवरामुलगा. मोरीच्या दारापर्यंतसुद्धा गेला नाही.

माधवरावांनी प्याले मोजून डब्यात ठेवले. दारात थांबून म्हणाले, "आम्ही प्रार्थना करून कळवतो." आमच्यात प्रार्थना करून कळवतो म्हणजे नाही. पण नाही म्हणायला हिंमत लागते, म्हणून ते देवाच्या तोंडी घालायचं. रविवारी पुकार झाली नाही. उलट प्रार्थनेत त्यांनी "मोहाला बळी पडलेल्या एका कुटुंबासाठी" विनंती केली आणि सगळ्या देवळाने आमेन म्हटलं. मी म्हटलं नाही. मी तोंड मिटून बसले होते, कारण उघडलं असतं तर दुसरंच काही बाहेर पडलं असतं.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या शनिवारी गाडी निघून गेल्यावर मी माझ्या घरून फिनेल आणलं. निकिता गुडघ्यांवर बसून मोरी घासत होती, बादल्यांवर बादल्या ओतत होती. शालूने पंखा लावला, खिडक्या उघडल्या, मग तीही ब्रश घेऊन मोरीत बसली. दोघींच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या झाल्या होत्या.

अंधार पडत आला तेव्हा शांतवन रस्ता ओलांडून आला, पण पायरीच्या खालीच थांबला. तिथूनच त्याने विचारलं, "निकी, गेला का गं वास?"

निकिता उठली. मोरीच्या दारात, शोकेसपाशी, टेबलापाशी, प्रत्येक ठिकाणी थांबून तिने वास घेतला. मग दारात आली.

"नाही, पप्पा," ती म्हणाली. "अजून आहे. थोडा वेळ बाहेरच थांबा."

"बरं," तो म्हणाला, आणि अनवाणी तसाच उभा राहिला.